चौथा डाग

“चवथा माझा न्हाई.”

हे वाक्य माझ्या सासूबाईंचं. माझ्या आजाराचं नाव त्या वाक्यानंतर कळलं.

पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात मी खाटेवर पडले होते. खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला, आणि एक तरुण डॉक्टरीणबाई मोबाईलच्या उजेडात माझं पोट बघत होत्या. बेंबीभोवती बिब्ब्याचे काळे डाग होते. पोटात कळ येते म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बिब्बा गरम करून त्याचं तेल दाभणाच्या टोकानं लावलं होतं. आमच्याकडं हे घरोघरी चालतं. कातडी काळी पडते, कधी फोड येतो, आणि कळ थांबली तर बिब्ब्याचं नाव होतं.

“आजी, किती लावले होते?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“तीन. बिब्बा तीनच लावत्यात.”

डॉक्टरीणबाईंनी परकराची नाडी जिथं बांधतात तिथला कपडा जरा बाजूला केला. डाव्या अंगाला, नाडीच्या वळाखाली, आणखी एक डाग होता. तुरीच्या डाळीएवढा. मध्ये काळी खपली, कडेनं लाल. दुखत नव्हता, खाजत नव्हता, म्हणून मलाही तो माहीत नव्हता.

आत्याबाई वाकल्या, निरखून पाहिलं. लग्नघरातून दुसऱ्याचं पातेलं चुकून आपल्याकडं आलं की बाई जशी ठामपणे सांगते, तशा त्या म्हणाल्या, “चवथा माझा न्हाई.”

डॉक्टरीणबाई सरळ उभ्या राहिल्या आणि सोबतच्या डॉक्टरांना म्हणाल्या, “एश्चर आहे. स्क्रब टायफस. रिपोर्टची वाट बघू नका, डॉक्सी आत्ता सुरू करा.”

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. उंच गवतात, झुडपात डोळ्याला न दिसणारा एक किडा असतो, गोचिडाचा लांबचा भाऊबंद. तो अंगावर चढतो आणि कपडा जिथं घट्ट बसतो तिथं अडकून चावतो. चावल्याचं कळत नाही. त्या जागी कातडी मरते आणि काळी खपली धरते, तिला एश्चर म्हणतात. आठ-पंधरा दिवसांनी ताप येतो. त्या तापाचं नाव स्क्रब टायफस. टायफॉइडशी त्याचं नावापुरतंच नातं. डॉक्सीसायक्लीन नावाचं जुनं, साधं औषध आहे. ते वेळेत मिळालं तर माणूस चालत घरी जातो. नाही मिळालं तर ताप फुप्फुसात, किडनीत, मेंदूत शिरतो.

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मी मात्र सलाईनच्या नळीसकट उठून बसायला गेले. आत्याबाईंनी दंड धरला तर मी त्यांच्यावरच ओरडले, “आत्याबाई, कमललाबी हुता!”

आत्याबाईंचा चेहरा बघता बघता उतरला. त्यांनाही आठवलं होतं.

आता कमल कोण ते सांगते. आमचं गाव वेल्ह्याकडच्या विंझरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात आहे. माझ्या दोन म्हशी आणि एक शिलाई मशीन. आमचे हे पिकअपमधून दूध पोचवतात. गावाच्या कडेनं आता पुण्याच्या लोकांचे बंगले झाले आहेत. बंगला एवढासा, भोवती जमीन मोठी आणि जमिनीला भिंत. पूर्वी तिथं भात, नाचणी व्हायची. आता पाऊस संपला की पुरुषभर गवत उभं राहतं. ते गवत आम्ही बायका कापून नेतो. मालकाची जमीन फुकट साफ होते, आमच्या म्हशींना वैरण होते. कोणी कोणाला काही देत नाही, म्हणून कोणी कोणाला काही विचारतही नाही. वर्षानुवर्षं हे असंच चाललं आहे.

त्यातल्या एका बंगल्यावर दत्तू राखणीला आहे. कमल त्याची बायको. फाटकाशेजारच्या खोलीत दोघं आणि दोन लेकरं राहायची. फाटक कमल उघडायची आणि मग आमच्याबरोबर विळा घेऊन गवतात उतरायची. लई बोलकी बाई. गवत कापताना तिचं तोंड विळ्याच्या पुढं चालायचं. बंगलेवाल्या साहेबांची नक्कल अशी करायची की हसून हसून भारा बांधता येत नसे.

माझ्या आधी तिला ताप आला. दत्तूनं तिला हायवेजवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. सुई दिली, सलाईन लावलं, घरी पाठवलं. ताप उतरेना, पुन्हा नेलं. पुन्हा सुई. तिसऱ्या वेळी ती बडबडायला लागली होती. पुढच्या मोठ्या दवाखान्यात पोचायच्या आत गेली. गावानं कारण सांगितलं, ताप डोक्यात गेला. आणि लगोलग दुसरं कारणही सांगितलं, दत्तूनं उशीर केला. गरीब माणसाचं असंच असतं म्हणे, अंगावर काढतात.

सवाष्ण गेली की आमच्याकडं बायका तिला न्हाऊ घालतात, हळद-कुंकू लावतात, हिरवं लुगडं नेसवतात. कमलच्या अंगावर पाणी मी घातलं. उजव्या छातीखाली काळी खपली होती. मी हात थांबवला. आत्याबाई शेजारी होत्या. त्या म्हणाल्या, “बिब्बा उतला आसंल गं.” इतर बायकांनीही माना डोलावल्या. कोणाच्या पोटावर, कोणाच्या पाठीवर, कोणाच्या टाचेवर, बिब्ब्याचे डाग आम्हा सगळ्यांच्याच अंगावर आहेत. काळा डाग दिसला की आमचे डोळे पुढं सरकतात. आम्ही तिला लुगडं नेसवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला थंडी वाजून ताप आला.

सुरुवातीला मी तो शिलाईचा ताप समजले. लग्नसराईचे ब्लाऊज अंगावर होते, मान मोडेपर्यंत बसत होते. पण हे डोकं दुखणं वेगळं होतं. डोळ्यांच्या मागून कोणी दाबतंय असं. मांड्या, पिंढऱ्या ठणकत होत्या. जांघेत गाठ आली. आत्याबाईंनी काढे दिले, पोटात कळ आली तसा बिब्बा लावला. तापाच्या दुसऱ्याच दिवशी आमचे हे म्हणाले, डॉक्टरकडं जाऊ. आम्ही लगेच गेलो, हे मुद्दाम सांगते. आम्हीही काही अंगावर काढलं नाही.

रक्त तपासलं. डेंग्यू नाही. मलेरिया नाही. टायफॉइडची तपासणी थोडीशी होकारार्थी आली, म्हणून टायफॉइडची औषधं सुरू झाली. ताप तसाच. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, रोज कमी होत गेल्या. मग धाप लागायला लागली. जिना सोडा, कूस बदलली तरी दम लागायचा. तेव्हा यांनी मला पिकअपमध्ये गादी टाकून पुण्याच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात नेलं.

तिथं सगळं चकाचक. फरशीत तोंड दिसेल अशी. एक मोठे डॉक्टर आले, त्यांनी माझं पोट बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “हे काय आहे? बिब्बा? या काळात? तुम्ही लोक कधी सुधारणार?” त्यांनी नाडी खाली सरकवायला लावली, मोबाईल काढून माझ्या पोटाचा फोटो घेतला, सोबतच्या शिकाऊ डॉक्टरांना दाखवला. अंधश्रद्धेवर दोन वाक्यं बोलले. मग गेले.

चौथा डाग त्या फोटोत आला असणार. पण राग आला की माणसाला मोजता येत नाही. त्यांचा राग खोटा होता असं मी म्हणत नाही. बिब्ब्यानं माझी कातडी भाजली होतीच, आणि त्याचा पोटाला काडीचा उपयोग झाला नव्हता. पण तीन डागांवर रागावून त्यांनी चौथ्याकडं पाठ फिरवली, आणि मी आणखी खाली गेले.

त्या रुग्णालयाच्या बाकड्यावर आमचे हे दिवसभर बसून असायचे. भिंतीवर टीव्ही होता, आवाज बंद. खाली पट्टी सरकायची, गरिबांच्या आरोग्याचा भार कोणी उचलायचा? वर चार माणसं तावातावानं हातवारे करायची. बाकड्यावरचे नातेवाईक त्यांच्या वतीनं भांडायचे. एक म्हणे, फुकट दिलं की किंमत राहत नाही. दुसरा म्हणे, कर आम्ही भरायचा आणि रांगेत हे पुढं. तिसऱ्याचा बाप आत होता, तो म्हणे, पैसा टाकला की सगळं होतं. यांनी मला नंतर सांगितलं, “मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हितं आत काय चाललंय ते कुणी सांगा आधी.”

शेवटी आमच्याजवळचे पैसे संपले. म्हणून यांनी मला सरकारी रुग्णालयात हलवलं, आणि तिथं त्या डॉक्टरीणबाई भेटल्या. लोक म्हणतात, पैसा असता तर वाचली असती. माझं उलटं झालं, पैसा संपला म्हणून मी वाचले. यातून कोणी सरकारी तेवढं चांगलं असा नियम काढू नका. तिथं दोन खाटांच्या मधे फरशीवरही माणसं झोपली होती, आणि एका नर्सच्या वाट्याला किती रोगी ते बघून माझाच जीव घाबरा व्हायचा. फरक एवढाच झाला की एका बाईनं पडदा ओढला, माझं सगळं अंग बघितलं, आणि म्हातारीला न हसता विचारलं की तुम्ही किती लावले.

डॉक्सी सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ताप उतरला. इतके दिवस भट्टीसारखं तापलेलं अंग गार झालं, तर मला वाटलं, मी मेलेच. मग भूक लागली. आत्याबाईंनी डब्यातली ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून भरवली, आणि मी तिसरा घास घेताना रडले.

धाप जायला वेळ लागला, म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं. ते दिवस मला सगळ्यांत जड गेले. मुळात माझा स्वभाव उतावळा. मशीनवर बसले नाही तरी पाय हलत असतो. तिथं तर मला एकच दिसायचं. हंगाम चालू आहे. फाटकं उघडी आहेत. आमच्याच बायका पदर खोचून त्याच गवतात उतरत आहेत, भारे डोक्यावर घेऊन येत आहेत, आणि कोणालाच काही माहीत नाही. मी खाटेवर बरी होत होते आणि तिकडं कोणाला तरी चावत होतं.

मी यांना फोन लावायचे. गावात यांच्या फोनला रेंज येत नाही, ते विंझरला आले की लागायचा. “गावात कुणाला ताप आहे का बगा. डाग बगायला सांगा. काखेत, जांघेत, छातीखाली, कमरेला, गुडघ्यामागं, कानामागं.”

पलीकडं नुसते दुधाचे कॅन आपटत होते.

“ऐकताय का?”

“आगं पण आसं कसं सांगायचं लोकांच्या बायकांना?” ते हळू आवाजात म्हणाले. “तू ये. मंग बगू.”

त्यांचं चुकत होतं असंही नाही. आमच्याकडं बाई नवऱ्यालाही उजेडात अंग दाखवत नाही, डॉक्टरला तर जीभ आणि मनगट. पण मला असा संताप आला की शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, ताई, बीपी वाढेल. मी राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, मला सोडा, घरी जायचं आहे. त्या म्हणाल्या, “घरी जाऊन काय करणार?” मी म्हटलं, “लोकांचे कपडे उतरवणार.” त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, “एक लक्षात ठेवा. डाग प्रत्येकाला दिसेलच असं नाही. डाग नसला तरी ताप आलेल्या माणसानं डॉक्टरला सांगायचं की मी गवतात गेलो होतो. तेवढं एक वाक्य पुरतं. आणि गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत, गरोदर बाईला आणि लहान मुलांना वेगळं औषध लागतं.”

मी घरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ग्रामसभा होती. विषय कमलच होता, फक्त कोणी तिचं नाव घेत नव्हतं. विषय होता, गावातील आरोग्याची परिस्थिती.

सभा देवळाच्या मंडपात भरली. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. बंगलेवाले साहेब मुद्दाम पुण्याहून आले होते. निवृत्त माणूस, बोलायला मऊ. त्यांना खुर्ची दिली होती. उपकेंद्रातल्या नर्सबाई आणि त्यांच्याबरोबरचे आरोग्यसेवक कडेला उभे होते. दत्तू खांबाला टेकून, कानावरून टॉवेल गुंडाळून, मान खाली घालून बसला होता. बिचारा दुःखात आहे, असं मला वाटलं.

साहेब बोलले. जे झालं त्याचं त्यांना वाईट वाटलं होतं, त्यांच्याच आवारातली बाई. त्यांनी शिबिराचा खर्च द्यायची तयारी दाखवली. डॉक्टर आणू, व्याख्यान ठेवू, स्वच्छता, अंधश्रद्धा, सगळ्यावर. “आपले लोक वेळेवर डॉक्टरकडे जात नाहीत, ही खरी अडचण आहे,” ते म्हणाले. “पैसा हा नंतरचा प्रश्न आहे. आधी मानसिकता बदलायला हवी.”

पुरुषांतून एक तरुण उठला. पिकअपवर यांच्याबरोबर असतो तो. “सायेब, मानसिकता ऱ्हाऊ द्या. आमच्या जिमिनी घेतल्या, भिंती घातल्या आन् पडीक टाकल्या. आमचा भात आसता तर गवत एवढं वाढलं आसतं का? उंदीर, घुशी, साप, समदं तितंच. श्रीमंताची हौस आन् रोग गरिबाला.”

एक म्हातारा बसल्या जागेवरून ओरडला, “इकल्या कुणी रं? आमीच ना? कुणी पिस्तूल लावलं हुतं का? पैसं आलं तवा गाडी घेतलीस की तू.”

हशा झाला. तरुणाचा आवाज चढला. साहेब म्हणाले, आम्ही इथं रोजगार दिला. कोणी म्हणालं, रोजगार म्हणजे फाटकाची चावी. सरपंच दोन्ही हात वर करून म्हणाले, व्यक्तिगत नको, व्यक्तिगत नको. मग गाडी पुढं गेली. शासनानं काय करावं, बंगल्यांकडून वर्गणी घ्यावी का, रुग्णवाहिका विंझरला असावी की वेल्ह्याला. प्रत्येकाचं थोडं थोडं खरं होतं. मी ऐकत होते आणि माझा पाय हलत होता. मला टीव्हीवरची ती चार माणसं आठवली. हात सगळ्यांचे हलत होते, आणि आमच्यातल्या किती जणांना त्या क्षणी ताप होता ते कोणालाच माहीत नव्हतं.

मग कोणीतरी म्हणालं, “गरिबाघरी उशीर हुतोच. आता दत्तूचंच बगा.”

दत्तूनं मान वर केली नाही.

मी उठले. धाप अजून पुरती गेली नव्हती, म्हणून खांब धरला. सरपंच म्हणाले, “बोला वैनी, तब्येत कशी हाय?”

“माझा डाग परकराच्या नाडीखाली हुता,” मी म्हणाले.

आमचे हे जमिनीकडं बघायला लागले. बायकांतून कोणीतरी “अगं बया” म्हणालं.

“काळी खपली. हितं.” मी लुगड्यावरून बोट ठेवून दाखवलं. “गवतात किडा चावतो, त्याचा. दुखत न्हाई, खाजत न्हाई, म्हणून कळत न्हाई. त्यानंच हा ताप येतो. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरालाबी तो बिब्ब्याचा वाटला. मी लगेच डॉक्टरकडं गेले हुते, तरी मरायला टेकले. आन् कमलला सुदीक तसाच डाग हुता. उजव्या छातीखाली. म्या तिला न्हाऊ घातलं, म्या बघितला. ह्या समद्या बायकांनी बघितला. आमाला वाटलं बिब्बा. दत्तूभाऊनी उशीर केला न्हाई. तीनदा नेलं त्यांनी तिला. तिन्ही वेळा कुणी तिचं अंग बघितलं न्हाई.”

मग मी बायकांकडं वळले. “आता भाषणं पुरे. बायांनो, अंगणवाडीच्या खोलीत चला. दार लावू. एकमेकींचं अंग बघू. नर्सबाई, तुमी चला.”

सगळ्यांत आधी आत्याबाई उठल्या. पदर खोचून सभेच्या मधून चालत निघाल्या आणि जाता जाता म्हणाल्या, “म्हातारीला काय लाजायचंय? माझं आधी बगा.” मग बाकीच्या उठल्या. अर्धी सभा रिकामी झाली.

खोलीत आधी कोणी पदर सोडेना. आत्याबाईंनी चोळीची गाठ सोडली, हात वर केले आणि म्हणाल्या, “बगा, हितं काय न्हाई. तितं काय न्हाई. ह्यो बिब्बा, ह्यो बी बिब्बा, ह्यो लेकराच्या टायमाचा.” मग हसणं सुरू झालं आणि हसता हसता सगळ्या मोकळ्या झाल्या. आम्ही आमच्या अंगावरचे डाग असे कधी बघितलेच नव्हते. नर्सबाई एकेक डाग बघून म्हणायच्या, जुना, जुना, हा पण जुना. त्या दिवशी आमच्यात कोणाला नवा डाग सापडला नाही.

सापडला तो मंडपात. बायका गेल्यावर आरोग्यसेवकांनी पुरुषांनाही सोडलं नाही. सदरे निघाले, बनियन निघाले. सरपंच उघडे, तो भांडणारा तरुण उघडा, म्हातारा उघडा. साहेबांनी आधी खुर्चीत चुळबुळ केली. मग एकदम म्हणाले, “माझी नात सुटीत याच गवतात खेळते.” आणि सदऱ्याची बटणं काढायला लागले.

दत्तू उठेना. आरोग्यसेवकांनी हात धरला आणि ते दचकले. अंग फणफणत होतं. दोन दिवस ताप होता, त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. कशाला सांगायचं, तो म्हणाला म्हणे, लेकरं आजीकडं हायेत. साहेबांनी मोबाईलचा उजेड धरला, आरोग्यसेवकांनी त्याची बंडी वर केली. डाव्या काखेच्या मागच्या अंगाला काळी खपली होती. उजेड नीट पडावा म्हणून साहेब जमिनीवर गुडघे टेकून बसले होते, असं यांनी मला सांगितलं.

नर्सबाईंनी फोनवर डॉक्टरांना विचारून पहिली गोळी तिथंच दिली. आमच्या पिकअपमधून त्याला वेल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. साहेब पुढच्या सीटवर बसले. काय बोलले ते मला माहीत नाही.

आता गावात कोणालाही ताप आला की मी जाते. लोक गमतीनं मला डागवाली म्हणतात, म्हणू देत. गवत कापायला जाताना आम्ही आता अंगभर कपडे घालतो, आल्यावर लगेच गरम पाण्यानं अंघोळ करतो, कपडे उकळत्या पाण्यात टाकतो. साहेबांनी भिंतीलगतचं गवत माणसं लावून काढलं, दुसऱ्या बंगल्यांनी काढलं नाही. ग्रामसभेत तोच वाद पुन्हा होतो, श्रीमंतानं काय करावं, गरिबानं काय करावं, सरकारनं काय करावं. व्हायलाच हवा तो वाद. पण माझं मन त्यात ठरत नाही. मी बसल्या बसल्या लोकांचे चेहरे बघत असते, कोणाचे डोळे लाल आहेत, कोण कुडकुडतंय.

तुमच्या घरात असा ताप आला, तर डॉक्टरांच्या आधी तुम्ही माणसाचं अंग बघा. लाज वाटेल. वाटू द्या. आणि डॉक्टरांना सांगा, गवतात गेलो होतो. त्या तरुण डॉक्टरीणबाईंचे उपकार मी कसे फेडणार मला कळत नाही. त्यांना आता मी आठवतही नसेन.

दत्तू बरा झाला. नंतर एका संध्याकाळी तो आमच्या दारात आला. आत बोलावलं तरी येईना, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“वैनी, एक इचारू? त्या दिवशी सभंत तुमी कमलच्या डागाचं बोलला. त्ये खरं हुतं, का मला बरं वाटावं म्हणून?”

“माझ्या हातानं पाणी घातलं तिला,” मी म्हणाले. “हुता डाग. आसाच. तुमाला हुता तसाच.”

“मंजी उशीर म्या केला न्हवता.”

“न्हाई. तुमी केला न्हवता.”

तो उंबऱ्यावर बसला आणि कमल गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडला. मी पुढं जायला लागले तर आत्याबाईंनी माझा हात धरून मला आत ओढलं.

“रडू दे त्येला,” त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी चुलीपाशी बसून राहिलो. तव्यावरची भाकरी करपली तरी कोणी उठलं नाही.